गाठ बाहेर काढल्याची वेळ लिहा

प्रति,
मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोंदिया



सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडची बाई स्तनातली गाठ घेऊन केटीएस रुग्णालयात येते, तेव्हा घरचे विचारतात, 'कोणती स्टेज आहे?' ती गाठ कोणत्या प्रकारची, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. पुढे काय होणार, कोणतं औषध लागू पडणार, हे त्यावरही तितकंच ठरतं. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींच्या वाढीचं जनुक आणि त्याचं प्रथिन) या तीन तपासण्या तो प्रकार सांगतात.

ईआर पॉझिटिव्ह निघाला, तर टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी आहे. ती पाच वर्षं नियमित घेतली, तर पहिल्या पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. हर-टूची गोष्ट तर आशा देणारी आहे. हर-टूची वाढ म्हणजे आजार उलटण्याचा धोका जास्त, हे 1987 साली डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. 1998 मध्ये त्याच खुणेवर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं. वाईट भाकीत सांगणारी खूणच उपचाराची वाट झाली.

पण या तपासण्यांचा खरेपणा मोठ्या यंत्राच्या आधी फॉर्मालिनच्या बरणीत ठरतो. गाठ काढल्यापासून तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये जावी आणि तिथे 6 ते 72 तास राहावी, असा जागतिक दंडक आहे. मोठी गाठ चिरून ठेवावी लागते, कारण फॉर्मालिन आत हळूहळू मुरतं. तुकडा तसाच पडून राहिला, तर पेशींतली प्रथिनं खराब होतात आणि ईआर असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. मग जिला गोळीने वाचवता आलं असतं, तिला ती मिळतच नाही. पुढे तपासणी नागपुरात होवो की मुंबईत, इथे बिघडलेला नमुना तिथे सुधारत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या बायांच्या वतीने चार मागण्या करते. गाठ काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ प्रत्येक फॉर्मवर लिहिली जावी; जिल्ह्यात जिथे बायोप्सी होते, तिथल्या कर्मचाऱ्यांना आपल्या पॅथॉलॉजी विभागाने हे शिकवावं. नमुना बाहेर पाठवायचा असेल, तर तो रुग्णालयाने पाठवावा. रोवणीची मजुरी बुडवून नवऱ्याने पिशवीत घालून रेल्वेने नेऊ नये. हर-टू '2+' आला, तर तो अहवाल अर्धवट आहे. हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी झाल्याशिवाय फाइल बंद होऊ नये. आणि तिन्ही निकाल बाईला समजतील अशा मराठीत सांगून, लेखी प्रत तिच्या हाती द्यावी.

21 जनुकांची ऑन्कोटाइपसारखी चाचणीही आज आहे. 2018 च्या टेलरएक्स अभ्यासाने तिच्या आधारे अनेक स्त्रियांची केमोथेरपी टाळता येते, हे दाखवलं. ती महागडी आहे, तिच्यासाठी आपण पुढे भांडू. वेळ लिहायला मात्र घड्याळ आणि पेन पुरतं. त्याचा आदेश आपल्या एका सहीने निघू शकतो. तो या महिन्यातच काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
गोंदिया जिल्ह्यातील एक नागरिक