सूर्याला मेमो द्या!

यंत्र बिघडलं की आपल्याकडे आधी आरोपी शोधतात, बिघाड मागाहून. आणि यंत्र अंबरनाथच्या एमआयडीसीतलं असेल तर आरोपीही शोधावा लागत नाही. तो शेजारीच असतो : उल्हासनगर! १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला हे नाव मिळालं. उघड्यावर आलेल्या माणसांनी तिथे कारखाने उभे केले, आणि आपण त्यांना काय दिलं? 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा एक विनोद. तोही पिढ्यान्‌पिढ्या तोच.

आमच्या प्रयोगशाळेत एक गॅस क्रोमॅटोग्राफ होता. औषधात उरलेला द्रावकाचा अंश तो हुडकून काढतो. एरवी त्याचा इंजेक्टर, म्हणजे नमुना आत घ्यायचं तोंड, तापलेला लागतो. पण चटकन उडून जाणारे पदार्थ धरून ठेवायचे तर तोच आधी थंड करावा लागतो. त्यासाठी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. तो बारीक छिद्रातून सुटला की झपकन उडतो आणि भोवतालची उष्णता ओढून नेतो. एका मार्चअखेर हा इंजेक्टर उणे २० अंशांवर जाईना.

"व्हॉल्व्हची कॉइल उल्हासनगरहून गुंडाळून आणलीत ना? मग झालं तर!" साहेब म्हणाले. दीड महिन्यांनी परदेशी व्हॉल्व्ह आला. इंजेक्टर जैसे थे!

रात्रपाळीचा बदलापूरचा पोरगा पहिल्यापासून सांगत होता, "साहेब, पहाटे पाचला चालतं हो. अकरानंतर रुसतं." पण साहेबांनी त्याचे पहाटेचे आकडे बनावट ठरवले आणि त्यालाच मेमो दिला. घरात कमावता तो एकटा.

अहो, ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबा, द्रव होत नाही. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं, पण सिलिंडर कुठे उभा आहे ते बघायला कोण जाणार? तो होता बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. आणि आमच्याकडची उन्हाळी दुपार म्हणजे चाळीस अंश! तळापर्यंत नळी पोचणारा सिलिंडर आम्ही पारखून घेतला होता. पण आत द्रवच नाही तर नळी ओढणार काय, कपाळ? प्रेशर गेजचा काटा मात्र तोऱ्यात. उन्हाने तो उलट चढतो, म्हणून सगळे निर्धास्त.

शेवटी मी सिलिंडरला थर्मामीटर बांधला. एकोणचाळीस! सिलिंडर उत्तरेच्या भिंतीआड सावलीत हलवला आणि माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट गुंडाळलं. दुपारी दोनला इंजेक्टर उणे २० वर.

मेमो मागे घेतल्याचा कागद काही निघाला नाही. परदेशी व्हॉल्व्ह पुढच्या वर्षी चिकटला, तेव्हा आम्ही गुपचूप उल्हासनगरची कॉइलवालाच परत बसवला. साहेब निवृत्त होईपर्यंत त्या 'फॉरेन' व्हॉल्व्हचं पाहुण्यांकडे कौतुक करीत होते.