दहा गुंठ्यांवरचे छप्पर



गावी गेले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, पोरगं पॉलिहाऊस टाकायचं म्हणतंय. बँक कर्ज देते, सबसिडी मिळते. टाकू द्यावं का?"

बाबासाहेबांनी 1918 साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात घालायला भांडवल किती आहे यावर ठरते, हा त्यातला विचार. पॉलिहाऊस दहा गुंठ्यांना मोठे करते खरे. पण भांडवल उसने असेल तर तोटाही तेवढाच मोठा होतो. सबसिडी बहुधा काम पुरे झाल्यावर मिळते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू होते. वरचा पेपर तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. 2020 साली टाळेबंदीत फुले उकिरड्यावर गेली, आणि जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्यातही पॉलिहाऊस फाडली. व्याज काही थांबले नाही.

म्हणून माझे सांगणे असे, की आधी चार वाफ्यांवर बोगदा करून पाहा. बांबूच्या कामट्या किंवा तार कमानीसारखी वाकवून रोवा. थंडीत वर प्लास्टिक घाला. दुपारी कडा उचलायला विसरू नका, नाहीतर रोपे उकडतात. पाऊस आत येत नाही, तेव्हा ठिबक हवेच. मिरची-टोमॅटोवर पातळ कापडाचे क्रॉप कव्हर घातले तर पांढरी माशी आणि तिच्यामागून येणारा रोग बराच रोखता येतो. कलिंगडाला फुले लागली की कव्हर काढा. मधमाशी आत गेली नाही तर फळ धरणार नाही.

दोन हंगाम हिशेब वहीत लिहा. वही घरच्या बाईने ठेवावी. खुरपणी, तोडणी तीच करते, मग पैसा कुठे गेला हेही तिला कळले पाहिजे.

कर्ज घ्यायचेच ठरले तर सातबारा नीट वाचा. आपल्या पुष्कळांची जमीन जुन्या वतनाची, भोगवटादार वर्ग 2 ची आहे. तारण ठेवण्यापूर्वी तलाठ्याकडे आणि बँकेत अटी विचारून घ्या. त्यावर बहिणींची नावे असतील तर त्यांनाही विचारा. तो त्यांचा हक्क आहे.

पोराची उमेद मोडू नका. पण आजोबांच्या हातची जमीन पहिल्याच डावात लावू नका.