अडीच गोलांची पैज

१/ ‘हा जुगार नव्हे, भाकितांचा बाजार आहे,’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हिशोब मांडावा. फुटबॉल सामन्यात दोन्ही संघांचे मिळून अडीचपेक्षा अधिक गोल होतील, या ‘होय’चा भाव समजा ६० सेंट, म्हणजे बाजाराच्या मते शक्यता ६० टक्के. तीन वा अधिक गोल झाले तर एक डॉलर, अन्यथा शून्य. अर्धा गोल होत नाही, म्हणून बरोबरीही नाही. एकाचा लाभ तो दुसऱ्याचाच तोटा.

२/ सोळाव्या शतकातील रोममध्ये नव्या पोपच्या निवडीवर असेच भाव निघत. १५९१ मध्ये पोप चौदावे ग्रेगरी यांनी धर्मबहिष्काराचा धाक घालून त्या पैजांवर बंदी घातली. भावातून लोकांचा अंदाज कळतो, हे मान्य. पण नाव बदलल्याने पैजेचे शास्त्र होत नाही.