डायलिसिस कोणाच्या सोयीने?

२०१६ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. मूत्रपिंडे पुरती निकामी झालेल्या २.२ लाख रुग्णांची देशात दरवर्षी भर पडते आणि या उपचाराला वर्षाकाठी तीन लाखांहून अधिक रुपये लागतात, असा हिशेब त्यांनी मांडला. प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांचाही उल्लेख त्या भाषणात होता. उपाय मात्र जिल्हा रुग्णालयाच्या दारापाशी थांबला. गरिबाला डायलिसिस फुकट मिळू लागले हे स्वागतार्हच. परंतु आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जखडून घेण्यासाठी दूरवरून येणाऱ्या मजुराचे पोट कोणी भरावयाचे?

मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मधुमेह हे एक प्रमुख कारण आहे, आणि नेमक्या याच रुग्णाला यंत्राची वाट अधिक बिकट असते. त्याच्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या असतात, हृदय दुबळे असते, यंत्रावर असताना रक्तदाब एकाएकी कोसळतो.

दुसरी वाट आहे. पॉपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी १९७६ साली अमेरिकेत ती मांडली. पोटाच्या पोकळीचे अस्तर हीच चाळणी मानावयाची. नळीवाटे सुमारे दोन लिटर द्रावण आत सोडावयाचे, काही तासांनी काढून टाकावयाचे. दिवसातून साधारण चार वेळा, घरीच. यंत्र नको, वीज नको. हेच पेरिटोनियल डायलिसिस.

याचे दोष लपवून वकिली करणे अप्रामाणिकपणाचे होईल. द्रावणातील साखर रक्तात शिरते, म्हणून इन्सुलिनचे प्रमाण नव्याने बसवावे लागते. स्वच्छतेत कसूर झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. प्रत्येक मधुमेह्याला हीच पद्धत मानवेल असेही नाही. पण निवड करावयाची तर दोन्ही वाटा खुल्या हव्यात. थायलंडने २००८ साली आपल्या सार्वत्रिक आरोग्य योजनेत हाच उपचार अग्रक्रमाने दिला. आपल्याकडे केंद्र सरकारने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २०१९ मध्ये, आणि अजूनही यंत्राचेच राज्य आहे.

याचे कारण अर्थकारणात शोधावे लागेल. सरकारी-खासगी भागीदारीत जागा, वीज आणि पाणी रुग्णालयाचे. यंत्रे आणि माणसे ठेकेदाराची. मोबदला दर खेपेमागे. जितक्या खेपा तितकी बिले. झोपडीच्या आढ्याला टांगलेली द्रावणाची पिशवी अशा ठेकेदाराला काय मिळवून देणार?

पिशवी महाग आहे, असे सांगितले जाते. त्या पिशवीत असते काय? शुद्ध पाणी, क्षार आणि साखर. पेनिसिलिन देशात बनावे म्हणून १९५४ साली पिंपरीला सार्वजनिक कारखाना उभारणाऱ्या देशाला हे निर्जंतुक द्रावण स्वतः बनवणे अशक्य आहे काय? उणीव तंत्रज्ञानाची नाही, इच्छाशक्तीची आहे.

सार्वजनिक क्षेत्रात द्रावणाचे उत्पादन, पिशव्या घरपोच, प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णाला निवडीचा हक्क, एवढी ही मागणी आहे. उपचार मोफत केला म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. तो घेताना रोजगार बुडून घर उपाशी राहणार असेल, तर त्या मोफतपणाची किंमत गरीबच मोजत असतो.