इन्व्हर्टरच्या आधी अर्थिंग

खालापूर आणि कर्जत या तालुक्यांचा विजेशी संबंध फार जुना आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अडविलेले पाणी मोठ्या नळांतून खाली आणून खोपोली येथे १९१५ साली वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांकडे गेली. पुढे १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरी येथेही असेच जलविद्युत केंद्र सुरू झाले. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी ही वीज जन्मास आली, तेथील वाड्यावस्त्यांना मात्र तिच्यासाठी पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. आता चौक परिसरातील बहुतेक घरांत दिवा, पंखा आणि पाण्याची मोटर आलेली आहे.

परंतु कोकणातील पावसाळा आणि वीज यांचे फारसे सख्य नाही. वाऱ्याने फांदी तारेवर पडते, खांब कलतात आणि गाव अंधारात जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे हजारो खांब पाडले आणि कित्येक गावांना अनेक दिवस विजेवाचून काढावे लागले. त्यानंतर ज्याला चार पैसे जमले त्याने इन्व्हर्टरचा विचार केला आणि ज्याचे छत मोठे त्याने सौर संचाचा. हा विचार योग्यच आहे. मात्र त्याचा क्रम चुकत आहे. ज्या घरातील तारा जुन्या आहेत, ज्या घराला अर्थिंग नाही, त्या घरात इन्व्हर्टर आणणे म्हणजे बांधबंदिस्ती न करता खाचरात पाणी सोडण्यासारखे आहे.

खेड्यातील पुष्कळ घरांचे वायरिंग एकाच वेळी झालेले नसते. प्रथम एक दिवा येतो, मग त्याच तारेवर पंखा, पुढे दूरचित्रवाणी, शीतकपाट आणि शेवटी गोठ्यातील मोटर. जोड उघडे राहतात किंवा त्यांवर नुसती चिकटपट्टी असते. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन अडचण होते म्हणून काढून टाकलेली असते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घातलेली असते. उन्हाळ्यात हे सर्व खपून जाते. पाऊस लागला, भिंतींना ओल आली, की तोच प्रवाह पत्र्याच्या पडवीत किंवा कपडे वाळत घालण्याच्या तारेत उतरतो आणि ओले कपडे हाती घेऊन आलेल्या गृहिणीच्या जिवावर बेततो.

यावर उपाय आहेत आणि ते आवाक्यातील आहेत. पहिला उपाय अर्थिंगचा. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्यास सोपी वाट मिळावी, यासाठी जमिनीत पुरेसा खोल इलेक्ट्रोड पुरून त्याची तार प्रत्येक प्लगपर्यंत न्यावी लागते. न्यूट्रलची तार किंवा नळाचा पाइप हा अर्थिंगला पर्याय नव्हे. जमीन कातळाची असेल तर जागा विचारपूर्वक निवडावी आणि चैत्र-वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालीत जावे; कारण कोरड्या जमिनीतून प्रवाह नीट वाहत नाही.

दुसरा उपाय आरसीसीबी नावाच्या स्विचचा. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तरी हा स्विच क्षणार्धात वीज तोडतो. साधा फ्यूज किंवा एमसीबी तारेचे रक्षण करतो. आरसीसीबी माणसाचे रक्षण करतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. तारा तांब्याच्या व आयएसआय चिन्हाच्या असाव्यात. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर आणि मोठ्या प्लगसाठी २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटर जाडीची तार घ्यावी.

आता इन्व्हर्टरचा विचार करू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो. दोष निर्माण होऊन मेन आरसीसीबी पडला, तरी इन्व्हर्टरला तेही वीज गेल्यासारखेच वाटते आणि तो दोष असलेल्या तारेला पुन्हा वीज पुरवू लागतो. म्हणून इन्व्हर्टरवरील दिवे-पंख्यांसाठी न्यूट्रल वेगळा ठेवावा आणि त्या ओळीवर स्वतंत्र आरसीसीबी बसवून घ्यावा. पुष्कळदा न्यूट्रल एकत्र केल्यामुळे स्विच सारखा पडतो आणि त्रास नको म्हणून तोच काढून टाकला जातो. राखणदार फार ओरडतो म्हणून त्याला घालवून देण्याचाच हा प्रकार होय. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद करणे पुरेसे नसते. इन्व्हर्टरही बंद करावा लागतो.

इन्व्हर्टर किती मोठा असावा, याचे गणित सोपे आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॉट-तास वीज साठते. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरावी आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सुमारे ७०० वॉट-तास हाती येतात. ९ वॉटचे चार एलईडी दिवे आणि ७५ वॉटचा एक पंखा त्यावर सुमारे सहा तास चालतो. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. ती अशा लहान संचावर जोडू नये. बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. ती चुलीजवळ, पेंढ्याजवळ किंवा बंद कोनाड्यात ठेवू नये आणि तीत केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

सौर संचाविषयी दोन गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले. वीजबिल कमी करण्यास असा संच उत्तम आहे. परंतु ग्रिडला जोडलेला साधा संच, बाहेरची वीज जाताच आपणहून बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धोका होऊ नये म्हणून तशी योजना केलेली असते. अंधारात दिवा हवा असेल तर बॅटरीसहित असलेला निराळा संच घ्यावा लागतो. दुसरे असे की, ज्या आषाढ-श्रावणात वीज अधिक जाते, त्याच महिन्यांत आभाळ भरलेले असते आणि सौर पट्ट्यांपासून वीज थोडी मिळते. बॅटरी मेनच्या विजेवरही चार्ज होईल, अशी सोय आवश्यक आहे. पट्ट्यांचा सांगाडा वाऱ्याला टिकेल असा पक्का बांधावा. केवळ कौलांवर किंवा पत्र्यावर त्याचा भरवसा ठेवू नये.

जनित्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट कदापि करू नये. दोन्ही टोकांना प्लग लावलेल्या तारेने जनित्राची वीज घराच्या सॉकेटात सोडली, तर ती बाहेरच्या तारेवर जाते आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलट फिरून ११,००० व्होल्टची होते. वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या माणसाचा त्यात बळी जाऊ शकतो. यासाठी चेंजओव्हर स्विच हाच एक मार्ग आहे.

या सर्वांस खर्च येतो, अशी तक्रार होईल. ती अगदीच खोटी नाही. परंतु अर्थिंग आणि आरसीसीबी यांचा खर्च इन्व्हर्टर-बॅटरीच्या मानाने थोडाच असतो. पैसा एकाच वस्तूपुरता असेल, तर इन्व्हर्टर पुढच्या वर्षावर ढकलावा. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे बियाणे आणताना शेतकरी दहा प्रश्न विचारतो. घरातील तारेविषयी त्याने निदान दोन तरी विचारावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तारा उघडण्याची किंवा जोडण्याची गरज नाही. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे. कार्यकर्त्याने मे महिन्यात घरोघर फिरून एवढेच पाहावे : अर्थिंग आहे काय, आरसीसीबी आहे काय, तारा उघड्या आहेत काय आणि कपडे वाळत घालण्याची तार धातूची आहे काय. ही यादी १ मेच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेपुढे मांडावी आणि पाच-दहा घरांनी मिळून एकाच वेळी तंत्रज्ञ बोलवावा. त्यात खर्चही वाचतो. तार तुटून पडली तर जवळ न जाता १९१२ या क्रमांकावर कळवावे. कोणास शॉक बसला तर प्रथम मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करावा, ते न जमल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

सौर संचाच्या प्रत्येक अर्जाबरोबर घरातील वायरिंग तपासल्याचा दाखला मागण्याची प्रथा गावाने स्वतःच पाडली, तर ती मोठी सुधारणा ठरेल. मृगाच्या आधी घर शाकारण्याची रीत कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याच दिवसांत अर्थिंगही पाहून घेतले जावे.