गॅस सांडतो कसा?

गेल्या महिन्यात मधल्या गटाला बाईंनी 'सांडणे' हे क्रियापद वापरून पाच वाक्ये करायला दिली होती. दूध सांडले, चहा सांडला असे लिहून झाल्यावर माझ्या मुलीने पाचवे वाक्य लिहिले, 'बाबांनी गराजमध्ये गॅस सांडला.' बाईंनी 'गॅस'भोवती लाल गोल करून वर 'पेट्रोल' लिहिले. रात्री सोलापूरला फोन लावला तेव्हा मुलीने तक्रार केली, तर आजीही बाईंच्याच बाजूची निघाली. म्हणाली, "अगं, गॅस सांडतो कसा? गॅस गळतो. सांडतं ते पेट्रोल."

व्याकरणाच्या दृष्टीने बाईंचे आणि आजीचे बरोबर आहे. पण ज्या प्रसंगावरून ते वाक्य आले, तो आठवला की वाटते, मुलीचेही फारसे चुकलेले नाही. म्हणून या वेळच्या 'पालकांचे मत' या पानासाठी हाच विषय घेतला. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे.

प्रसंग मुलीच्या जन्माआधीचा, पण आमच्या घरी तो इतक्यांदा सांगून झाला आहे की तिला तो पाहिल्यासारखाच वाटतो. २०१२च्या २९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतरचे दिवस इथल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. वीज नाही, पंपांवर पेट्रोल नाही, आणि जिथे आहे तिथे मैलभर रांग. ३ नोव्हेंबरपासून बारा काउंट्यांत गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना पेट्रोल द्यायला सुरुवात झाली. यजमान दोन लाल कॅन घेऊन तीन तास रांगेत उभे राहिले आणि लढाई जिंकल्यासारखे घरी आले. जनरेटर बाहेर ड्राइव्हवेवर होता, पण कॅन ठेवले गराजमध्ये. त्यातल्या एकाचे झाकण नीट बसलेले नव्हते. आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांची तीनचाकी त्याला धडकली आणि लोटाभर पेट्रोल फरशीवर पसरले. लोटाभर म्हणजे खरोखरच लोटाभर, बादलीभर नव्हे.

मी एक जुना टॉवेल दिला आणि म्हटले, "पुसून घ्या आणि आत या, मी चहा टाकते." आमचे घर जुने. गराजच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब होता आणि त्याची पायलटची ज्योत जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. वीज गेली तरी ती जळतच होती. स्वयंपाकघर गराजला लागून. उजेड यावा म्हणून मधले दार मी उघडे ठेवले होते. वीज नसल्याने शेगडी आपोआप पेटत नव्हती, तेव्हा काडेपेटी हातात घेतली होती.

इतक्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ आमचा टॉर्च परत द्यायला आले. ते गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलात अनेक वर्षे होते. ड्राइव्हवेवरच थबकले आणि तिथूनच ओरडले, "सगळे बाहेर या. कशालाही हात लावू नका." आम्हाला वाटले, म्हातारबाबा उगाच बाऊ करताहेत. तरी वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून बाहेर आलो. त्यांनी गराजचे अर्धवट उघडे दार हाताने पूर्ण वर केले, बाहेरच्या मीटरपाशी जाऊन गॅस बंद केला, टॉवेल लांब हिरवळीवर टाकायला लावला आणि आम्हाला दीड तास थंडीत उभे केले. यजमान हळूच मला म्हणाले, "एवढ्या गारठ्यात काय पेटणार आहे?" मलाही तसेच वाटत होते.

नंतर त्यांनी आम्हाला तो बंब दाखवला. फरशीला दाराकडे उतार होता आणि दार अर्धे उघडे होते, म्हणून वाचलात, एवढेच म्हणाले.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न पडला आहे. मी काही निष्काळजी बाई नाही. गॅस बंद आहे की नाही हे रात्री तीनदा बघणारी आहे. मग माझा अंदाज इतका कसा चुकला?

मला वाटते, माझा अंदाज रॉकेलवर घडलेला होता. आमच्या लहानपणी रेशनचे निळे रॉकेल असायचे. ते मापट्याने ओतताना रोज थोडे सांडायचे, आई फडक्याने पुसायची, आणि तिथेच बसून काकडा पेटवून पंपाचा स्टो सुरू करायची. हाताला वास, फरशीला वास, आणि काही व्हायचे नाही. (वर्तमानपत्रांत 'स्टोचा भडका उडून विवाहिता भाजली' अशा बातम्या मात्र नेहमी यायच्या. त्या सगळ्याच स्टोच्या नव्हत्या हे मोठे झाल्यावर कळले. ते दुःख वेगळे.) पंचवीस वर्षांत माझ्या डोळ्याने आणि नाकाने एक हिशेब मनात पक्का केला होता : सांडले, पुसले, संपले.

रॉकेलच्या बाबतीत तो हिशेब बहुतेक वेळा जमायचा, त्याला कारण आहे. प्रत्येक जळणाचे एक तापमान असते. त्याखाली त्याच्यातून पेट घेण्याइतकी वाफच निघत नाही. रॉकेलचे ते तापमान सुमारे ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १०० फॅरनहाइट. डिझेलचे पन्नासच्या वर. म्हणून थंड फरशीवर सांडलेल्या रॉकेलच्या ओघळाला काडी लावली तरी ते सहजी पेटत नाही. वातीत किंवा फडक्यात भिजले की पेटते, कारण मग थोड्याशा उष्णतेनेही ते तिथल्या तिथे तापते. (सोलापूरच्या मे महिन्यात फरशीसुद्धा ३८च्या वर जायची, म्हणजे आम्ही समजत होतो तितके सुरक्षित तेव्हाही नव्हतो.) पेट्रोलचा आकडा आहे सुमारे उणे ४०. मुलांनो, हे सेल्सियस की फॅरनहाइट असे विचारू नका. उणे ४० ही एकच जागा अशी आहे जिथे तुमचा आणि आमचा थर्मामीटर एक आकडा दाखवतो. न्यू जर्सीचा गारठा त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे यजमानांच्या 'एवढ्या गारठ्यात' या वाक्याला काही अर्थ नव्हता.

दुसरे असे की आपण सांडलेल्या डागाकडे बघतो. डाग लहान तर धोका लहान, डाग वाळला तर धोका गेला. पण जळते ते डागातले पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. डाग वाळला याचा अर्थ ते पेट्रोल नाहीसे झाले असा नाही, ते हवेत गेले असा आहे. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीलगत सरकते, पायरी उतरते, बेसमेंटमध्ये साठते. हवेत शंभरात दीड भाग इतकी वाफ झाली की तिला ठिणगी पुरते, आणि साडेसातांच्या वर गेली तर ती उलट पेटत नाही. म्हणून आग डागापाशी लागण्याऐवजी पुष्कळदा लांब कोपऱ्यातल्या ज्योतीपाशी लागते आणि तिथून धावत मागे डागाकडे येते. जयपूरच्या तेलडेपोत २९ ऑक्टोबर २००९च्या संध्याकाळी पेट्रोल गळायला लागले तेव्हा तासाभराहून अधिक वेळ नुसती वाफच आवारात पसरत होती. मग स्फोट झाला. ११ माणसे गेली आणि आग कित्येक दिवस जळत राहिली. 'गॅस सांडला' हे वाक्य मला चुकीचे वाटत नाही, ते यासाठी. सांडले पेट्रोल, पण दोन मिनिटांनी फरशीवर जे सरकत होते तो गॅसच होता.

आता माझे खरे मत सांगते. अशी काही बातमी आली की आपल्या मंडळींत पहिली प्रतिक्रिया असते, 'काय मूर्ख लोक!' पाकिस्तानात अहमदपूर शर्कियापाशी २५ जून २०१७ला, ईदच्या आदल्या दिवशी, पेट्रोलचा टँकर उलटला. लोक बादल्या, बाटल्या, हंडे घेऊन धावले आणि दोनशेहून अधिक माणसे जळून गेली. मेक्सिकोत त्लाउएलिल्पान इथे १८ जानेवारी २०१९ला फोडलेल्या पाइपलाइनीतून पेट्रोलचे कारंजे उडत होते. शेकडो लोक भरून घेत होते, सैनिक नका जाऊ म्हणत होते, आणि १३७ जण गेले. दोन्ही बातम्यांच्या वेळी आमच्या ओळखीच्या सुशिक्षित घरांत 'फुकटाचा मोह' यावरच बोलणे झाले. मोह होता, गरिबीही होती. पण तेवढेच नव्हते. तिथे पोहोचलेल्या माणसाने काय पाहिले असेल? शंभर माणसे आधीच पेट्रोलमध्ये उभी आहेत आणि त्यांना काही झालेले नाही. दहा मिनिटे झाली, वीस झाली, काही नाही. प्रत्येक मिनिटाला त्याची खात्री वाढत जाते. प्रत्यक्षात प्रत्येक मिनिटाला वाफ वाढत असते. डोळ्यांना दिसणारा पुरावा आणि खरा धोका हे दोघे उलट्या दिशेने चाललेले असतात. मीही तेच केले, फक्त माझ्याकडे हंडा नव्हता, काडेपेटी होती. कॅन सांडून पाच मिनिटे झाली होती, काही झाले नव्हते, मग आता काय होणार! माझ्याजवळ अभियांत्रिकीची पदवी आहे, आणि त्या पाच मिनिटांत तिचा काही उपयोग झाला नाही.

नाकाचेही तसेच. मेक्सिकोतच ग्वादालाहारा शहरात एप्रिल १९९२मध्ये गटारांतून पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार रहिवासी काही दिवस करत होते. अधिकारी आले, पाहणी झाली, पण घरे खाली केली नाहीत. २२ तारखेला सकाळी रस्तेच्या रस्ते उडाले, दोनशेहून अधिक माणसे मेली. तिथल्या लोकांचे नाक बरोबर सांगत होते, ऐकणारे चुकले. पण आपल्या घरात बहुधा नाकच फितूर होते. थोडा वेळ वासात राहिले की वास येईनासा होतो आणि आपण म्हणतो, गेला वास. शेजारच्या बाबांना ड्राइव्हवेवर जो वास आला, तो आम्हाला आत उभे राहून येत नव्हता.

उलट आपण ज्याला भितो त्यात फारसे काही नसते. पंपावर मोबाइल काढला की हाहाकार होतो, पण मोबाइलमुळे पंपावर आग लागल्याचे कुठे सिद्ध झालेले नाही. सिगारेटचे तर आश्चर्यच आहे. अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेत सातशेहून अधिक पेटत्या सिगारेटी पेट्रोलच्या वाफेत धरून पाहिल्या, एकदाही पेट घेतला नाही. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. याचा अर्थ पंपावर सिगारेट ओढा असा कोणी काढू नये, कारण ती पेटवायला काडी किंवा लायटर लागतो, आणि ज्योत म्हणजे ज्योत.

खरी ठिणगी कुठून येते? थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज होतो ना, तिथून. नळी गाडीला लावून ठेवायची, गारठा म्हणून आत जाऊन बसायचे, मग सीटवर घासत उतरून तोच हात नळीला लावायचा. पंपांवरच्या अशा आगींच्या ज्या नोंदी या देशात झाल्या, त्यांत हा प्रकार पुन्हा पुन्हा आला आहे. पण आपल्या मुलांना हे कळणार कुठून? न्यू जर्सीत १९४९च्या कायद्याने स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे, आणि त्या कायद्यात दिलेल्या कारणांत आगीचे कारण अगदी वर आहे. २०२३मध्ये ऑरेगननेही बंदी उठवली, आता सबंध देशात आपणच उरलो. पावसात, थंडीत दुसरा कोणी भरून देतो, म्हाताऱ्यांची सोय होते, काही जणांना रोजगार मिळतो, म्हणून कायदा राहावा असे मला वाटते. पण तो आगीसाठी आहे असे म्हणू नये. शेजारी पेनसिल्व्हेनियात सगळे लोक हाताने भरतात. उलट आपल्याकडे सतराव्या वर्षी लायसन्स मिळवलेला मुलगा नळी कधीही हातात न धरता पूल ओलांडून पलीकडे जातो. माझाच मुलगा गेल्या जानेवारीत गेला होता. नळी लावून गाडीत जाऊन बसला होता, हे त्याने हसत हसत सांगितले. तीनचाकीवाला तोच.

त्याला मी घरी जे शिकवले ते इथे लिहिते. नळी लावली की बाहेर उभे राहा. आत बसलास तर नळीला हात लावण्याआधी गाडीच्या लोखंडाला लाव. पेटलेच तर नळी उपटू नकोस, ती तशीच ठेवून मागे हो. कॅन भरायचा तर डिकीतून काढून जमिनीवर ठेवून भर. घरात सांडले तर आधी माणसे बाहेर, बटणाला हात नाही, आणि पुसायचे नंतर. बंब २००३च्या आधीचा असेल तर तो बदलायचा खर्च टाळू नये, कारण वाफ आत खेचून पेटणार नाही अशा रचनेचे बंब त्या वर्षापासून यायला लागले. हे शेवटचे अर्थात त्याला नाही, पालकांना.

आता शाळेबद्दल. गेल्या उन्हाळ्यातल्या सहलीत कणसे भाजताना कोळसे नीट पेटेनात, तेव्हा एका काकांनी निखाऱ्यांवर बाटलीतले तेल थेट पिचकारीसारखे मारले. ज्योत धारेवरून वर चढली, बाटलीपासून हातभर अंतरावर थांबली, आणि भोवती उभ्या असलेल्या लहान गटाने टाळ्या वाजवल्या. काकांनी मग मुलांच्या आग्रहाखातर ते पुन्हा केले. काका अत्यंत सज्जन आहेत आणि सहलीचे निम्मे काम तेच करतात, म्हणून त्या वेळी मी काही बोलले नाही, याचे मला वर्षभर वाईट वाटते आहे.

माझी कार्यकारिणीला विनंती आहे की या वर्षी सहलीच्या आधीच्या रविवारी मधल्या आणि मोठ्या गटाला अर्धा तास द्यावा. मी येईन, आमचे शेजारीही यायला तयार आहेत. मराठी त्यांना येत नाही, पण दुभाषाचे काम मुलेच करतील. आणि सहलीला कोळसे पेटवायच्या कामावर अजून कोणाचे नाव पडलेले नसेल तर माझे लिहून घ्यावे. वेळ लागेल, कणसे उशिरा मिळतील, तेवढे चालवून घ्यावे.