भाड्याआधी भोगवटा

पहिले घर भाड्याने घेण्यासाठी तरुण दाम्पत्य विरारला येते, तेव्हा भाडे, अनामत आणि देरासराचे अंतर विचारते. महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र क्वचितच विचारते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जीव गेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. परंतु नोंदणीने करार सिद्ध होतो, इमारतीची वैधता नव्हे. पेढीवर माल पारखल्यावाचून सौदा न करणाऱ्यांनी घराचे कागदही पारखावेत. मालक प्रमाणपत्र दाखविण्यास टाळाटाळ करील, तर अनामत देण्यापूर्वीच जिना उतरावा.